हट्टी रबर बसवताना: ऊन, ग्लिसरीन आणि कामाचा क्रम

मेहकरहून सिंदखेड राजामार्गे जालन्याकडे निघाले की वाटेत दुसरबीड लागते. या पट्ट्यात एखाद्या वाड्याच्या आवारात किंवा शेतातल्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी, नाहीतर महिंद्राची जीप ताडपत्रीखाली उभी असते. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे घरातल्या कुणी मनावर घेतले की इंजिनाचा मिस्त्री मिळतो, डेंटिंग-पेंटिंगवाला मिळतो, सीट शिवणाराही मिळतो. काम अडते ते शेवटच्या टप्प्यात, रबरापाशी. समोरच्या काचेची बीडिंग चढत नाही, दाराचे रबर कोपऱ्यात उचलते, बुश अर्धा आत जाऊन थांबतो. मग हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर निघतात. नवा रंग खरवडतो, काच तडकते, नाहीतर रबरच फाटते.

म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. रबर बसत नसेल तर जोर वाढवायचा नाही. हात थांबवून कारण शोधायचे. नीट मापाचे, कोमट आणि ओलसर रबर योग्य क्रमाने लावले तर ते दोन हातांच्या बळाने बसते. त्याहून जास्त बळ लागत असेल तर कुठेतरी काहीतरी चुकले आहे.

या काळजीला आज आणखी एक कारण आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बनवली. तीच गाडी सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे पूर्ण झालेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या दुचाकी आणि चारचाकीला त्यानुसार ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. सुरुवातीच्या फियाट आणि पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. रबर बसेना म्हणून काचेच्या चौकटीची पत्र्याची कड ग्राइंडरने कापणे किंवा ठोकून वाकवणे म्हणजे गाडीच्या मूळ अंगालाच हात लावणे आहे.

अडण्याची चार कारणे

पहिले कारण म्हणजे रबर गार आहे. गार रबर ताठ असते, ते वळायला तयार नसते. दुसरे, रबर कोरडे आहे. रंगवलेल्या पत्र्यावर कोरडे रबर सरकतच नाही, ते चिकटून बसते. तिसरे, भाग चुकीचा आहे: छेद वेगळा, खाच अरुंद किंवा लांबी कमी. चौथे कारण सर्वांत जास्त वेळा नजरेतून सुटते, ते म्हणजे जागाच बिघडलेली आहे. जुन्या रबराचे चिकटलेले तुकडे, गंजाचे पापुद्रे, लांबी-पुट्टीचा थर, रंगाचे चार-पाच हात यांमुळे पत्र्याची कड जाड झालेली असते आणि मूळ मापाचे रबर तिच्यावर चढत नाही.

म्हणून रंगापूर्वीच प्रत्येक कड, खाच आणि भोक ताराच्या ब्रशने व पॉलिश पेपरने स्वच्छ करा. गंज काढून प्रायमर द्या आणि पेंटरला स्पष्ट सांगा की कडेवर पुट्टी नको आणि रंगाचा थर पातळ हवा. रंग झाल्यावर तो पुरता वाळू द्या. वरून कोरडा दिसला तरी आतला थर मऊ असतो. त्यावर घट्ट रबर दाबले की रंगाला वळ पडतात आणि रबर चिकटून बसते.

आधी मोजा, मग मागवा

दुसरबीडला बसून पद्मिनीची बीडिंग मागवायची म्हणजे छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबईच्या दुकानदाराशी फोनवर बोलणे आले. चुकीचा माल आला तर परत पाठवण्यात दिवस जातात. म्हणून जुने रबर काढल्याबरोबर फेकू नका. त्याचा बोटभर तुकडा ब्लेडने सरळ कापा, कापलेली बाजू कागदावर ठेवून पेन्सिलीने छेद गिरवा आणि काचेच्या खाचेची व पत्र्याच्या खाचेची रुंदी व्हर्नियर कॅलिपरने मोजून लिहा. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि दुकानदाराला पाठवा.

लांबीच्या बाबतीत मात्र जुन्या रबरावर विसंबू नका. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले रबर आकसते. लांबी गाडीच्या चौकटीवरून सुतळी फिरवून घ्या. काच नवी बसवणार असाल तर तिचीही जाडी मोजा. मूळ काचेपेक्षा ती जाड असेल तर खाच ताणली जाते आणि पुढचे सगळे काम जड होते.

नवे रबर घडी घालून आलेले असते. पाकीट उघडल्यावर ते लगेच बसवू नका. दोन-तीन दिवस सपाट जागी मोकळे पसरून ठेवा, म्हणजे घड्या जिरतात. नंतर ते कोरडेच जागेवर धरून पाहा. कोपरे कोपऱ्यांशी जुळतात का, ओठ कोणत्या बाजूला वळतो, सांधा कुठे येतो, हे याच वेळी ठरवा.

वैशाखातले ऊन कामी लावा

रबराचे काम कधी काढायचे, हे दुसरबीडच्या हवामानात ठरवणे सोपे आहे. अक्षय तृतीयेपासून मृग लागेपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. रंगवलेल्या पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर रबर अर्धा तास पसरले तरी ते हाताला गरम आणि मऊ लागते. सकाळी रबर पसरा आणि ऊन तापले की सावलीत उभ्या असलेल्या गाडीवर चढवा. गाडीही उन्हात ठेवली तर साबणाचे पाणी लगेच सुकते आणि निम्म्या वाटेत रबर पुन्हा अडते.

जानेवारीत, जिजाऊ जयंतीच्या सुमारास इथे चांगली थंडी असते. त्या दिवसांत काम काढावेच लागले तर बादलीत गरम पाणी घ्या. हात घातला तर चटका बसेल, पण पाणी उकळत नसेल, इतपत ते गरम हवे. लहान भाग पाच-दहा मिनिटे त्यात बुडवून ठेवा, एकेक काढा आणि लगेच बसवा. गार काचेवर मात्र गरम पाणी ओतू नका. गॅसची ज्योत किंवा ब्लो-लॅम्प रबराजवळ आणू नका, कारण वरचा थर जळतो आणि आतले रबर गारच राहते. केस वाळवायचा ड्रायर चालतो.

उष्णता अशी उपयोगी पडते आणि दीर्घ काळात तीच रबराला मारते, यामागचे कारण समजून घ्यावे. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक मिसळून रबर तापवण्याची रीत शोधली. गंधकाने रबराचे लांब रेणू एकमेकांना बांधले जातात, म्हणून ते ताणले तरी परत मूळ आकाराला येते. तापले की ते रेणू अधिक मोकळेपणाने हलतात आणि रबर तात्पुरते मऊ होते. पण ऊन, प्राणवायू आणि हवेतला ओझोन यांचा मारा वर्षानुवर्षे होत राहिला की ही बांधणी बिघडते. रबर कडक होते आणि त्याला भेगा पडतात. म्हणून काम करताना अर्धा-पाऊण तास ऊन द्या, पण सुटे रबर साठवताना ते अंधाऱ्या, थंड जागी ठेवा.

एखादा दुर्मीळ भाग नव्याने मिळतच नसेल आणि तो थोडाच कडक झाला असेल, तर गंधपुरा तेल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांच्या मिश्रणात, एकाला तीन या प्रमाणात, तो भिजवून पाहता येतो. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत काम करा आणि मिश्रण मुलांच्या हाती लागू देऊ नका. पोटात गेल्यास ते विषारी आहे. हा उपाय तात्पुरता आहे आणि तो शोभेच्या किंवा झाकणाच्या रबरापुरताच वापरावा. ब्रेक, स्टीअरिंग, पेट्रोल यांच्या रबरावर तो कधीही करू नये.

काय लावावे, काय लावू नये

गॅरेजमध्ये हाताशी असते ते ग्रीस, जुने इंजिन ऑइल किंवा डिझेल. तिन्ही लावल्यावर रबर झटकन सरकते, आणि तिथेच नुकसान सुरू होते. नैसर्गिक रबर पेट्रोलियम तेल शोषून फुगते आणि भुसभुशीत होते. आजकाल दरवाजांच्या व काचांच्या बीडिंगसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर ऊन आणि ओझोन उत्तम सोसते, पण तेही पेट्रोलियम तेलाने फुगते. तेल सोसते ते नायट्राइल रबर. म्हणून ऑइल सील आणि पेट्रोलचे पाइप त्याचे असतात.

समोरचे रबर कोणते हे ओळखता येत नसेल तर ग्लिसरीन वापरा. ते मेडिकलमध्ये मिळते, पाण्यात मिसळते, लवकर सुकत नाही, धुऊन टाकता येते आणि गाडीतल्या कोणत्याही नेहमीच्या रबराला बाधत नाही. समोरच्या काचेसारख्या मोठ्या कामाला साध्या अंगाच्या साबणाचे पाणी पुरते. काम झाल्यावर ते स्वच्छ पाण्याने धुवा. भांडी घासायच्या द्रवात बऱ्याचदा मीठ असते. ते खाचेत राहिले तर पत्रा गंजतो, म्हणून ते टाळा. सिलिकॉन स्प्रे रबराला चांगला, पण जिथे रंगकाम बाकी आहे तिथे तो फवारू नका. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर रंगाला बारीक खड्डे पडतात.

ब्रेकच्या रबराला हा कोणताच सल्ला लागू नाही. मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडरच्या किटमधले रबर फक्त त्या गाडीला चालणाऱ्या नव्या, बंद डब्यातल्या ब्रेक ऑइलने ओले करून किंवा ब्रेकसाठीचे लाल रबर ग्रीस लावून बसवावे. भाग डिझेलने, रॉकेलने किंवा पेट्रोलने धुण्याची सवय इथे जिवावर बेतू शकते. त्याचा अंश राहिला तर रबर फुगते, ब्रेक अडकून बसतात किंवा ऐन वेळी लागतच नाहीत. हे काम अनुभवी मिस्त्रीकडून करून घ्या, आणि तो भाग कशाने धुतो ते जवळ उभे राहून पाहा.

समोरची काच: दोरीची रीत

या कामाला तीन माणसे लावा. जमिनीवर जाड गोधडी अंथरून काच तिच्यावर ठेवा. काचेची कड फरशीला टेकू देऊ नका. कडेला बसलेला छोटा ठोकासुद्धा काच फोडायला पुरतो. अनेक जुन्या गाड्यांत छताच्या आतल्या कापडाची कड काचेच्या रबराखाली दाबलेली असते, म्हणून छताचे कापड आधी लावून घ्या.

रबर काचेभोवती चढवा. सुरुवात वरच्या मध्यापासून करा, दोन्ही बाजूंनी खाली या आणि कोपरे नीट बसल्याची खात्री करा. रबरात चकचकीत पट्टी असेल तर तीही आताच, गोधडीवरच बसवा. आता पत्र्याच्या खाचेत सगळीकडे चार-पाच मिलिमीटर जाडीची, गुळगुळीत, विणलेली नायलॉनची दोरी भरा. दोन्ही टोके खालच्या मध्यावर एकमेकांवरून वीतभर पुढे नेऊन मोकळी सोडा. सुतळी वापरू नका; ती रबरात रुतते आणि तुटते.

चौकटीची कड आणि रबराची खाच साबणाच्या पाण्याने ओली करा. दोघांनी बाहेरून काच उचलून आधी खालची बाजू टेकवावी. दोरीची टोके गाडीच्या आत आली पाहिजेत. आत बसलेल्याने एक टोक काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढायचे. दोरी निघते तसा रबराचा आतला ओठ कडेवरून उलटून आत येतो. बाहेरच्याने नेमक्या त्याच जागी तळहाताने दाबत राहायचे. मूठ मारायची नाही. खालची बाजू झाली की दोन्ही उभ्या बाजू थोड्या थोड्या आलटून पालटून घ्या आणि वरची बाजू शेवटी. दोरी अडली तर तिथे हिसका देऊ नका. पुन्हा साबणाचे पाणी सोडा, बाहेरून काच किंचित हलवा आणि मग ओढा.

एखाद्या ठिकाणी ओठ आत आलाच नाही तर त्यासाठी बांबूची कामटी तासून, टोक गोल करून, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून ठेवा. स्क्रू ड्रायव्हरने रंग जातो आणि रबर फाटते. कामटीने दोन्ही वाचतात. काच बसल्यावर कडेने तळहाताने थोपटा. रबर धुऊन पूर्ण वाळले की बाहेरच्या ओठाखाली काचेसाठीचे, न कडक होणारे सीलंट भरा. जुन्या जीपची काच सपाट असते, त्यामुळे काम सोपे. तिथे लक्ष द्यायचे ते काचेची चौकट आणि बोनेटमागचा पत्रा यांच्यामधल्या पट्टीकडे, कारण पाणी तिथूनच आत येते.

दरवाजे आणि डिकी

दाराचे रबर लावताना सगळ्यांत मोठा मोह ते ताणण्याचा असतो. ताणून लावलेले रबर त्या दिवशी सुबक दिसते, पण काही आठवड्यांत ते आकसते आणि कोपऱ्यातून सुटते किंवा सांध्याला फट पडते. म्हणून रबर ठेवताना ते किंचित मागे ढकलत चला, आणि कापताना बोटाच्या पेराइतके जास्त ठेवून ते दाबून सांध्यात बसवा. सांधा खालच्या बाजूला घ्या.

चिकटवायचे असेल तर दोन्ही बाजूंना सोल्युशनचा पातळ हात द्या, बोटाला ओले लागणार नाही इतके सुकू द्या आणि मगच दाबा. ओल्या सोल्युशनवर रबर सरकत राहते. इथे आधी ग्लिसरीन किंवा साबण लागला असेल तर काहीच चिकटणार नाही, तेव्हा चिकटवायचे भाग कोरडे आणि स्वच्छ हवेत.

नव्या रबरामुळे दार आधी जड लागते. ते आपटू नका आणि घाईने रबरही कापू नका. दार बंद करून दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या. रबर आपली जागा घेते. त्यानंतर कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढून पाहा. सगळीकडे सारखी अडत निघाली तर रबर नीट बसले. एका जागी अलगद सुटली तर तिथे पाणी येणार. तसे असेल तर आधी बिजागरी आणि कुलपाची जुळणी तपासा.

ग्रोमेट आणि पेडलचे रबर

तारा जिथे पत्र्यातून जातात तिथले ग्रोमेट वगळू नका. ते नसले तर पत्र्याची धार तार कापते आणि शॉर्ट सर्किट होते. तारांच्या टोकांना टेप गुंडाळून त्यांचा निमुळता जुडगा करा, ग्रोमेट गरम पाण्यातून काढा, ग्लिसरीनचा थेंब लावा आणि ग्रोमेट आधी तारांवर व मग पत्र्यात घाला. एक बाजू भोकात तिरकी अडकवून बाकीचा ओठ कामटीने फिरवत आत ढकला. मोठ्या ग्रोमेटला काचेसारखीच बारीक दोरीची रीत चालते.

क्लच आणि ब्रेक पेडलचे रबर फक्त गरम पाण्यात भिजवून चढवा. एक कड अडकवा आणि दुसरी चमच्याच्या दांड्याने ओढून घ्या. तिथे ग्लिसरीन, साबण, सिलिकॉन काहीही नको. ब्रेकवर पाय घसरला तर काय होईल, हे सांगायला नको.

बुश आणि इंजिन फाउंडेशन

पाट्यांचे आणि सस्पेन्शनचे बुश काढताना जुने रबर आधी ड्रिलने मोकळे करा. बाहेरची लोखंडी नळी राहिली तर हॅकसॉच्या पात्याने ती आतून कापा, मात्र पात्याची धार मूळ भोकाला लागू देऊ नका. नवा बुश हातोडीने ठोकू नका. आट्यांचा लांब बोल्ट, दोन नट, जाड वायसर आणि योग्य मापाचे पाइपचे तुकडे घ्या आणि पान्याने नट आवळत बुश सरळ आत ओढा. दाब बाहेरच्या नळीवर पडला पाहिजे. आतल्या नळीवर पडला तर रबर लोखंडापासून सुटते. ट्रॅक्टर-ट्रॉलीचे काम करणाऱ्या वर्कशॉपमध्ये हायड्रॉलिक प्रेस असेल तर त्याहून चांगले.

यानंतरची एक पायरी फार महत्त्वाची आहे. दोन नळ्यांमध्ये रबर असलेल्या अशा सायलेंट ब्लॉक बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, दोन-चार वेळा दाबून सोडा आणि वजन चाकांवर असतानाच बोल्ट पक्के करा. लटकत्या अवस्थेत आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. इंजिन फाउंडेशनचेही तसेच: सगळे बोल्ट आधी सैल लावा, इंजिन हलवून मधोमध येऊ द्या, मग आवळा. त्याआधी इंजिनाची तेलगळती थांबवा, नाहीतर नव्या फाउंडेशनवर तेल ठिबकत राहील आणि ते फुगेल.

पाण्याचे आणि पेट्रोलचे पाइप

रेडिएटरचा जुना होस पाइप पिळून किंवा उचकटून काढू नका. जुन्या रेडिएटरची पितळी नळी मऊ असते, ती वाकते. होस ब्लेडने उभा चिरून सोलून काढा. नवा चढवताना नुसते पाणी किंवा कूलंट लावा, आणि क्लिप नळीच्या उंचवट्याच्या पलीकडे घ्या. तिची जागा उंचवट्यावर नाही.

पेट्रोलच्या पाइपात कंजूषी नको. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. पद्मिनी आणि जुन्या जीपच्या काळातले रबर अशा इंधनासाठी बनलेले नव्हते. म्हणून पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे किट इथेनॉल सोसणारेच घ्या. सुरुवातीचे काही आठवडे वास आणि ओल रोज तपासा.

पाऊस येण्याआधी

सगळे बसल्यावर मृगाच्या आधी एक पाण्याची चाचणी घ्या. एक जण आत टॉर्च घेऊन बसला की दुसऱ्याने नळीने खालून वर अशा क्रमाने, एकेका जागी दोन-तीन मिनिटे पाणी सोडायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. सापडलेल्या जागेवर खडूने खूण करून ठेवा आणि ती वाळल्यावरच दुरुस्त करा.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक रबराचा छेद, माप, लांबी, कुठून आणले, केव्हा बसवले, काय लावून बसवले, हे तीत लिहा. जुन्या रबराचे बोटभर तुकडे नावाची चिठ्ठी लावून डब्यात जपा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीचा काळ संपला, आणि त्या टॅक्सींसोबत सुट्या भागांचा एक मोठा ग्राहकही गेला. पुढे एखादी बीडिंग बाजारात मिळाली नाही, तर नमुना पाहून रबर ओतणाऱ्या कारागिराकडूनच ती करून घ्यावी लागेल, आणि त्याला देण्यासाठी हे तुकडे व ही वही लागेल. गाडीत सर्वांत आधी पुन्हा बदलावे लागणारे भाग रबराचेच आहेत. ते काम ज्याच्या वाट्याला येईल, मग तो तुमचा मुलगा असो की गावातला दुसरा कुणी पद्मिनीवाला, त्याला तुमच्यासारखे शून्यापासून मोजत बसावे लागू नये.